ओढणाऱ्या कुत्र्याचा दर

यवतमाळच्या सिव्हिल लाइनीत कुत्रं फिरवायला पगारी माणूस ठेवायची पद्धत भावसिंगमुळे पडली. त्याआधी ते काम माळ्याच्या नाहीतर चपराशाच्या गळ्यात असायचं आणि तोही ते रडतखडत उरकायचा.

भावसिंग आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायला म्हणून तो शहरात आला आणि दहा हंगाम वाहता वाहता त्याचा उजवा खांदा कामातून गेला. मुकादमाने पुढच्या हंगामाला त्याला उभं केलं नाही. बायको लालीबाई चार घरची धुणी करायची, त्यावर चूल पेटायची. त्याच वर्षी, नवे पैसे नुकतेच बाजारात आले होते तेव्हा, एका इंजिनियरसाहेबाचा दांडगा कुत्रा साखळी तोडून आठवडी बाजारात घुसला. बाया टोपल्या टाकून पळाल्या. भावसिंग त्याच्या वाटेत नुसता उकिडवा बसला, नजर जमिनीकडे लावून. कुत्रा आला, त्याने याचा कान हुंगला, मान हुंगली आणि बाजूला बसकण मारली. बैलांच्या राखणीला ठेवलेल्या तांड्यावरच्या कुत्र्यांत भावसिंग लहानाचा मोठा झाला होता. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. साहेबाला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला आणि वर्ष उलटायच्या आत त्याच्याकडे सहा बंगल्यांचे कुत्रे झाले.

सगळ्यांना एकच भाव त्याने कधी लावला नाही. नवा कुत्रा आला की तो त्याला बंगल्याच्या फाटकापासून रस्त्यावरच्या चिंचेपर्यंत नेऊन परत आणायचा. मग डावा तळवा उघडून पाहायचा. पट्ट्याचा वळ उठला नसेल तर महिन्याचे तीन रुपये. वळ उठला असेल तर पाच. कातडं सोललं असेल तर सात.

"हा कुठला हिशोब?" असं कुणी विचारलंच, तर तो हात पुढे करायचा. "मी कुठं ठरवतो जी? हात ठरवते."

बंगल्यांतल्या बायकांना ते पटायचं. त्या हाताकडे पाहून कुणी घासाघीस करत नसे.

पांढरीपांडे वकिलांनी नागपूरहून अल्सेशियन आणला तेव्हा त्याला सात रुपयेच पडले. कुत्र्याचं नाव कैसर. लालीबाई त्याला केशर म्हणायची आणि पुढे वकिलांची स्वयंपाकीणही तसंच म्हणायला लागली. दीड वर्षाचं जनावर, पण छाती बैलासारखी. पहिल्याच दिवशी त्याने भावसिंगला चिंचेपर्यंत अक्षरशः पळवत नेलं आणि परत येताना एका बकरीमागे गटारात उतरवलं. वकीलसाहेब ओसरीवर उभे राहून सगळं पाहत होते.

"सात म्हणजे फार होतात रे," ते म्हणाले.

भावसिंगने हात दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी रक्त आलं होतं.

"बरं, सात," वकील म्हणाले. "पण जोवर ओढतोय तोवर. काय?"

"व्हय साहेब," भावसिंग म्हणाला. त्या बोलण्यात काय बांधलं गेलं ते त्याला तेव्हा कळलं नाही.

त्या सात रुपयांवर भावसिंग-लालीबाईंनी नाल्याकाठची झोपडी सोडली आणि पाच रुपये भाड्याने टिनाची एक खोली घेतली. लालीबाई चाळिशीला आली होती, पण दार असलेल्या घरात ती पहिल्यांदाच राहत होती. पहिले आठ दिवस ती कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. भावसिंग हसायचा.

कैसरवर त्याने जीव लावून मेहनत घेतली, यात खोट नव्हती. खांदा वाचवायचा म्हणूनही घेतली आणि त्याला ते जनावर आवडायचं म्हणूनही घेतली. टांगेवाल्यांचा साज शिवणारा अन्सार त्याचा दोस्त. त्याच्याकडून त्याने कुत्र्याच्या छातीवरून जाऊन पुढे हातात येणारा रुंद चामडी पट्टा करून घेतला. कुत्र्याने ओढलं की भावसिंग जागीच थांबायचा. तांड्यावरच्या बोलीत "हुबो रे" म्हणायचा. उभा राहा, एवढाच त्याचा अर्थ. पट्टा सैल पडेपर्यंत पुढचं पाऊल नाही. सुरुवातीला चिंचेपर्यंत जायला पाऊण तास लागायचा. येणारे-जाणारे फिदीफिदी हसायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि एका सकाळी कैसर पट्टा सैल ठेवून त्याच्या गुडघ्याशी चालायला लागला. समोरून बकऱ्या गेल्या, त्याने नुसते कान टवकारले.

भावसिंगला इतका आनंद झाला की तो लालीबाईला मुद्दाम दाखवायला घेऊन गेला. मग ती धुण्याला जाताना रोजच त्यांच्याबरोबर चालू लागली. कधी पट्टा तिच्या हातात असायचा. पट्टा ती मनगटाभोवती वेढून घ्यायची, कळशीची दोरी गुंडाळावी तसा, आणि कुत्र्याशी धुण्याच्या घरातल्या गोष्टी बोलत चालायची. "माहा केशर शहाना हाये," म्हणायची.

ते वकीलसाहेबांनीही पाहिलं. महिना भरला त्या दिवशी त्यांनी भावसिंगच्या हातावर तीन रुपये ठेवले.

"साहेब, चार कमी हायेत."

"कमी कसे? हात दाखव."

भावसिंगने हात दाखवला. तळव्यावर जुने घट्टे तेवढे होते.

"वळ नाही. मग दर तीनचा. तुझाच नियम आहे ना?" वकील रागावून बोलत नव्हते. उलट त्यांना मौज वाटत होती. "ओढतोय तोवर सात, असं आपलं ठरलं होतं. आता माझी बायकोसुद्धा त्याला फिरवू शकेल. तरी तीन देतोय."

"पन साहेब, म्या शिकवलं म्हनून तो ओढत नाई. सहा महिने..."

"शिकवण्याचे वेगळे पैसे ठरले होते का?"

ठरले नव्हते. आपण बरोबर आहोत हे भावसिंगला आतून पक्कं ठाऊक होतं, पण ते कसं सांगायचं ते सापडत नव्हतं. वकिलांच्या बोलण्यात कुठे बोट शिरायला जागाच नव्हती. ओसरीच्या पायरीवर कैसर त्याच्या पायाला पाठ लावून शांत बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा भावसिंगला त्या शांतपणाचा राग आला.

पाच रुपये देणाऱ्या दोन बंगल्यांत तो दर वाढवून मिळेल का, असं विचारून आला. तिथल्या बायकांनी वकिलीणबाईंकडून ऐकलंच होतं. आमचाही आता ओढत नाही, त्या म्हणाल्या. पाचाचे तीन झाले. त्याच्या हाताखाली सगळीच कुत्री हळूहळू निवळली होती आणि महिनाअखेर खोलीच्या भाड्यापुरते पैसे जमताना मारामार झाली.

"नाल्यावर परत जाऊ," लालीबाई म्हणाली. "त्यात काय मोठं?" आणि दाराकडे पाठ करून भाकरी थापायला बसली. तिची पाठ पाहून भावसिंगला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने रस्ता बदलला. लालीबाईला सांगितलं, लवकर जाणं आहे, तू मागाहून जा. स्टेशनाच्या पलीकडे पडीक रान होतं, तिथे तो कैसरला न्यायचा. बकऱ्या दिसल्या की पट्टा सैल सोडायचा आणि दातांतून "छू, छू" करायचा. पहिल्या दिवशी कुत्रा वळून त्याच्या तोंडाकडेच पाहत राहिला. त्याला कळेना. तीनदा तो दोन पावलं गेला आणि परत येऊन गुडघ्याशी उभा राहिला. भावसिंगने त्याला लाथ मारली. त्याने कुत्र्याला मारलेली ती पहिली लाथ. चौथ्यांदा कैसर सुटला, आणि भावसिंग त्याच्या मागे फरफटत धावला. धावता धावता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते वाऱ्याने आलं असेल असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला.

घडवायला सहा महिने लागले होते. बिघडवायला पंधरा दिवस पुरले.

पट्ट्याची बक्कल तुटली तेव्हा तो अन्सारकडे गेला. अन्सारने पट्टा उलटसुलट करून पाहिला. शिवण उसवली होती, कडी वाकली होती.

"हा तर सुधरला होता ना बे?" अन्सार म्हणाला.

"पुन्हा बिघडला."

"आपोआप?"

भावसिंगने तुटकी बक्कल त्याच्यापुढे सरकवली. अन्सारने दाभण बाजूला ठेवलं.

"भावसिंग, तू चांगला मानूस हायेस म्हनून इचारून राह्यलो. काय करून राह्यला तू?"

"तू शिव ना गा गुपचूप. पैसे देतो तुले."

"पैसे नको मले," अन्सार म्हणाला. त्याने पट्टा शिवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. भावसिंगला तेच जास्त लागलं.

पुढच्या पहिल्या तारखेला तो कैसरला घेऊन वकिलांच्या फाटकात आला तो आडवा-तिडवा होत, धापा टाकत. डावा तळवा सोललेला होता. वकिलांनी तो हात उजेडाकडे वळवून पाहिला.

"हे कसं झालं?"

"जनावर हाये साहेब. वयात आलं. ओढते."

"खरंच ओढतो?"

"तुमी पाह्यलंच ना."

वकिलांनी पुन्हा सात केले. लालीबाईला त्याने एवढंच सांगितलं की साहेबाचं मन वळलं. ती म्हणाली, देव बरं करो त्यांचं, आणि त्या दिवशी गूळ घालून लापशी केली. भावसिंगने ती खाल्ली. कुत्र्याचं त्याने तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. सांगेन एक दिवस, असं तो रोज म्हणायचा, आणि ती मागाहून धुण्याला जायची, त्यामुळे तिला दिसतही नव्हतं.

पौष महिन्यात त्याला हिवतापाने धरलं. दोन दिवस तो गोधडीखाली थडथडत पडला. दोन दिवस कुत्री कुणी फिरवली नाहीत. खाडा झाला की बंगलेवाले पैसे कापत. तिसऱ्या दिवशी पहाटे लालीबाईने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"बाकीच्यांचं जाऊ द्या," ती म्हणाली. "वकिलाच्या केशरले तरी फिरवून आनते मी. तो वळखते मले."

त्याने ते ऐकलं. पुढे कित्येक महिने तो स्वतःला विचारत राहिला की आपण ते खरंच ऐकलं होतं का, की तापात नुसता आवाज आला होता. पण त्याने ऐकलं होतं. 'नको' म्हणायचं तर 'काहून' असं ती विचारणार, आणि मग सगळं सांगावं लागणार. एवढं त्याच्या मनात येईपर्यंत कडी वाजली होती. उठून मागे जाऊ असं त्याला वाटलं. मग वाटलं, कुत्रा तिला ओळखतो, काही होणार नाही. मग ताप पुन्हा चढला.

त्याला उठवलं ते अन्सारने. खांदे धरून गदागदा हलवत होता.

"ऊठ. ऊठ रे. भाबीले लागलं."

कापसाचा हंगाम होता. जिनिंगच्या रस्त्याला कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागलेली. त्या बंड्यांच्या सावलीत कुणाच्या तरी बकऱ्या बसल्या होत्या. लालीबाईने नेहमीसारखा पट्टा मनगटाभोवती वेढून घेतला होता, दोनदा. कैसर सुटला तेव्हा हात सोडवायला तिला सवडच मिळाली नाही. पाहणारे सांगत होते की ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त "केशर, केशर" म्हणत गेली. चालत्या बंडीच्या चाकापुढे ती पडली. बंडीवाल्याने कासरा ओढला, पण भरल्या बंडीचे बैल जागच्या जागी कसे थांबतील? चाक कमरेवरून गेलं.

ती वाचली. दवाखान्यात दीड महिना होती. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने भावसिंगला बाहेर व्हरांड्यात बोलावून खरं ते सांगितलं. हाड सांधलं जाईल, पण बाई पायांवर उभी राहील अशी आशा धरू नको. भावसिंगने मान हलवली, पुन्हा आत आला आणि तिच्या उशाशी बसला.

"मलेच धरता आलं नाई," ती म्हणाली. ती हे रोज म्हणायची. "तुमचं काम घालवलं म्या. तो शहाना होता, मीच काही चुकली असन."

तो तिच्या हातावर हात ठेवून बसायचा. मनगटावर पट्ट्याचा काळानिळा वळ होता. त्याची नजर तिथे टिकत नसे.

वकीलसाहेब एकदा दवाखान्यात आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, भावसिंगला बाहेर बोलावून तीस रुपये दिले. त्यांचा चेहरा ओढलेला होता, त्यांनाही झोप नसावी.

"एक समजत नाही मला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कुत्रा ओढतो हे तूच मला सांगितलंस. त्याचे पैसे तू घेत होतास. मग बाईला का जाऊ दिलंस?"

या खेपेला भावसिंगला आपण बरोबर आहोत असंही वाटत नव्हतं.

वकील व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "आता त्याला ठेवता येत नाही. घरात सगळे घाबरलेत. माझ्याकडे बंदूक आहे, पण तो कुणाजवळ उभा राहत नाही. तुझ्याजवळ राहील." आणि खाली पाहत त्यांनी विचारलं, "त्याचे काय घेशील?"

आजवर प्रत्येक कुत्र्याचा भाव त्याच्या जिभेवर तयार असायचा. "काई नाई," तो म्हणाला.

बंगल्याच्या मागच्या आवारात, विहिरीपलीकडे ते झालं. आठ दिवस साखळीला असलेला कैसर त्याला पाहून इतका उड्या मारू लागला की पट्टा घालता येईना. नोकर दूर पळाले. भावसिंग नेहमीसारखा उकिडवा बसला आणि म्हणाला, "हुबो रे."

कुत्रा उभा राहिला. अगदी निश्चल. आपण ते शिकवलेलं सगळं पुसून टाकलं असं भावसिंगला वाटत होतं. पुसलं गेलं नव्हतं. पंधरा दिवसांत ते बिघडवताना एकदा, फक्त एकदा हा शब्द तो बोलला असता, तर हा असाच थांबला असता. आणि हा शब्द लालीबाईला सांगून ठेवायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. वकिलांनी त्याला बाजूला व्हायला खूण केली. तो बाजूला झाला. कुत्रा त्याच्याकडेच पाहत होता.

लालीबाईला खोलीवर आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितलं. ती पुन्हा म्हणाली होती, "मीच काही चुकली असन." आणि त्याच्याच्याने पुढे ऐकवेना. त्याने पहिल्यापासून सांगितलं. वकिलांचे तीन रुपये, स्टेशनापलीकडचं रान, बकऱ्या, लाथ, अन्सारचा पट्टा. सांगताना तो भिंतीकडे पाहत होता. सांगून संपलं. त्याला वाटलं, ती रडत असेल. वळून पाहिलं तर ती छताच्या टिनाकडे पाहत होती, डोळे कोरडे.

"मले सांगतलं काहून नाई?" ती म्हणाली.

"शरम वाटली."

"मी नाल्यावर राह्यली असती. म्हनलं होतं ना तुमाले."

"तुले हे घर आवडलं होतं..."

"माह्या नावावर नका टाकू," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "एवढं तरी नका करू."

त्यानंतर तिने त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या, शाप दिला असता, तर भावसिंगला सोसता आलं असतं. ती भाकर मागायची, पाणी मागायची, कूस बदलून द्या म्हणायची. तो सगळं करायचा. होळीच्या आधी तिने अन्सारकरवी निरोप धाडून चंदाबाईला बोलावून घेतलं. चंदाबाई त्यांची एकुलती लेक, पुसदजवळच्या तांड्यात दिलेली. ती नवऱ्यासोबत बंडी घेऊन आली. बंडीत गवत अंथरून त्यावर गोधड्या टाकल्या. भावसिंगने निकामी खांदा न जुमानता बायकोला दोन्ही हातांवर उचलून त्यावर ठेवलं. ती एकदाच कण्हली.

"मीबी येतो," तो म्हणाला.

"तुमी कायले?" लालीबाई म्हणाली. "तुमाले इथं काम हाये."

काम राहिलं नव्हतं. त्या प्रकारानंतर सिव्हिल लाइनीत त्याला कुणी कुत्रं देईना. ज्यांनी दिलं असतं त्यांच्याकडे तोच गेला नाही. अन्सारने त्याला आपल्या दुकानात चामडं भिजवायला, साफ करायला बसवलं. डाव्या हाताने जेवढं जमेल तेवढं तो करायचा.

महिन्या-दोन महिन्यांनी तो पुसदला जायचा. चंदाबाई पाटावर बसवून जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. तिला आईने सांगितलं होतं की नाही, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लालीबाई ओसरीच्या कडेला खाटेवर असायची, नातवंडांच्या गोधड्या शिवत. तो आला की सुई खोचून ठेवायची. पाऊस कसा आहे तिकडे, विचारायची. अन्सारभाऊ बरे आहेत का, त्यांची लेक बिस्मिल्लाबी बाळंत झाली का, विचारायची. तो सांगायचा. ती ऐकून घ्यायची, पाहुण्याशी बोलावं तसं मान हलवायची. मग म्हणायची, उन्हं कलली, निघा आता, वाट लांबची आहे. तो उठायचा. पहिल्या काही वेळा फाटकाशी थांबून तो मागे वळून पाहायचा. तिने सुई पुन्हा हातात घेतलेली असायची. पुढे पुढे त्याने वळून पाहणं सोडून दिलं.